पॉइंट टू टूचा ट्रिगर जड का लागतो, आणि तो सुधारतो कसा

एकाच काडतुसावर चालणाऱ्या दोन रायफली घेऊ. पहिली अमेरिकेतली रुगर १०/२२. १९६४ साली बाजारात आली, आजही बनते, आणि आजवर लाखोंनी खपली आहे. हिचं वजन साधारण सव्वादोन किलो. कारखान्यातून येते तेव्हा तिचा ट्रिगर सुटायला बोटाचा जोर लागतो अडीच ते पावणेतीन किलो. म्हणजे अख्ख्या रायफलीच्या वजनापेक्षा ट्रिगरचं वजन जास्त! दुसरी जर्मनीतल्या उल्म शहरात बनणारी अ‍ॅनशुट्झची मॅच रायफल. बालेवाडीच्या रेंजवर ५० मीटरच्या लेनमध्ये जी दिसते ती हीच, नाहीतर हिच्या बरोबरीची एखादी. हिचं वजन पाच-सहा किलो आणि ट्रिगर लावलेला असतो १०० ग्रॅमच्या आसपास.

दोन्हींत जातं ते .२२ लाँग रायफल हेच काडतूस, १८८७ सालापासून चालत आलेलं. रेंजवर या .२२ लाच पॉइंट टू टू म्हणतात. गोळीही साधारण तीच, ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची. मग ट्रिगरमध्ये पंचवीसपट फरक कुठून आला? आणि पहिलीचा ट्रिगर दुसरीच्या दिशेने थोडाफार न्यायचा, तर आत नेमकं काय बदलावं लागतं?

एअर रायफलवरून पॉइंट टू टूवर येणारी मुलं, त्यांचे आईवडील, अमेरिकेत स्थायिक होऊन शनिवारी रेंजवर जाणारी आपली मंडळी, सगळे हा प्रश्न एकाच पद्धतीने विचारतात: "ट्रिगर हलका करून मिळेल का?" माझं मत असं, की हलकेपणा ही यातली दुय्यम गोष्ट आहे. ट्रिगर कुठे सुटणार हे बोटाला आधी कळतं का, आणि दर वेळी तो तिथेच सुटतो का, हे आधी बघायचं. एक किलोचा पण काचेसारखा तुटणारा ट्रिगर असेल, तर अर्ध्या किलोच्या खरखरीत ट्रिगरपेक्षा तो कधीही बरा.

जोराचा आणि नेमाचा संबंध

५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची आणि तिची कड वर्तुळाच्या रेषेला चाटली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून साधारण ८ मिलिमीटर हलला तरी चालतो. आता नेम धरायच्या मागच्या आणि पुढच्या साइटमधलं अंतर ८० सेंटिमीटर धरा. गणित केलं तर ५० मीटरवरचे ते ८ मिलिमीटर म्हणजे पुढची साइट जागेवरून फक्त ०.१३ मिलिमीटर सरकणं. झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो. नळीचं टोक त्याहून थोडं जास्त हललं की दहाचे नऊ.

फायनलमध्ये तर गुण दशांशात मोजतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस २०२४ ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ जिंकलं ते ४५१.४ गुणांवर. तिथे १०.१ आणि १०.६ या दोन शॉट्समधलं अंतर टार्गेटवर जेमतेम चार मिलिमीटरचं असतं.

आता बोटाकडे येऊ. बोट ट्रिगर अगदी सरळ मागे दाबतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते थोडं तिरकं दाबतं. समजा दहा अंशांनी तिरकं. तर जेवढा जोर लावला त्याच्या साधारण सतरा टक्के जोर रायफलीला बाजूला ढकलण्यात जातो. पावणेतीन किलोच्या ट्रिगरवर हा आडवा जोर होतो जवळपास ४७० ग्रॅम. १०० ग्रॅमच्या ट्रिगरवर फक्त १७. बोट तेच, चूक तीच. शिवाय पावणेतीन किलो दाबताना एकटं बोट काम करत नाही. पूर्ण पंजा आवळला जातो, मनगट ताठ होतं, कधी कधी गालाचा दाबही बदलतो. सव्वादोन किलोची रायफल एवढं सगळं सोसून जागेवर राहील ही अपेक्षाच चुकीची.

वेळेचाही एक भाग आहे. ट्रिगरच्या आतली अडकवून धरणारी कडी, म्हणजे सियर, सुटल्यापासून फायरिंग पिन काडतुसावर आदळेपर्यंत काही मिलिसेकंद जातात, त्याला लॉक टाइम म्हणतात. त्यानंतर गोळी नळीतून बाहेर पडायला आणखी अडीच-तीन मिलिसेकंद. .२२ ची गोळी हळू असते, मॅचची काडतुसं तर मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास ठेवलेली असतात. त्यामुळे ती नळीत बराच काळ रेंगाळते. एवढ्या वेळात माणूस काही दुरुस्त करू शकत नाही, काही दिसून हात हलायलाच पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. पण बोटाने आधीच दिलेला धक्का मात्र या काळात रायफलीत पोहोचलेला असतो. ट्रिगर सुटल्यानंतर बोट मागे धाडकन आपटलं, तर तो आपट गोळी नळीत असतानाच बसतो.

आत काय चाललेलं असतं

समजा दार बाहेरून कुणीतरी जोराने रेटून धरलंय आणि तुम्हाला आतून कडी सरकवायची आहे. बाहेरचा रेटा जितका जास्त, तितकी कडी घट्ट बसते. कडी गंजलेली, खडबडीत असेल तर अडत अडत सरकते. कडी कोयंड्यात खोल गेली असेल तर जास्त लांब ओढावी लागते, जेमतेम टोक अडकलं असेल तर हात लागताच सुटते, आणि कधी हात न लावताही.

ट्रिगरच्या आत हेच असतं. दाराच्या जागी हॅमर (फायरिंग पिनवर आदळणारा हातोडा) किंवा थेट फायरिंग पिन, रेटणाऱ्या माणसाच्या जागी त्याला पुढे ढकलणारी मेनस्प्रिंग, कडीच्या जागी सियर, आणि तुमचा हात म्हणजे ट्रिगर. यावरून बोटाला जाणवणारं वजन कुठून कुठून येतं ते लगेच कळतं. मेनस्प्रिंग सियरवर किती जोराने टेकली आहे, दोन पृष्ठभाग एकमेकांवर किती घासतात, आणि ट्रिगर पुन्हा जागेवर आणणारी त्याची स्वतःची छोटी स्प्रिंग किती कडक आहे. यात तरफेचा हिशोबही येतो. ट्रिगरच्या पात्यावर बोट जितकं खाली, तितकं वजन कमी भासतं, कारण पिनपासूनचं अंतर वाढतं.

एक बाब डोळ्याला सहज दिसत नाही, पण सगळ्यात महत्त्वाची तीच. ती म्हणजे सियर आणि हॅमरची खाच कोणत्या कोनात भेटतात. एका प्रकारात सियर बाहेर काढताना हॅमर आधी केसभर मागे ढकलावा लागतो. म्हणजे बोट मेनस्प्रिंगच्या विरुद्धही काम करतं. असा ट्रिगर जड लागतो, पण सुरक्षित असतो, कारण मध्येच सोडला तर स्प्रिंगच सियरला पुन्हा आत बसवते. दुसऱ्या प्रकारात हॅमर मागेही जात नाही आणि पुढेही, सियर सपाट घसरत सुटतो. तिसऱ्या प्रकारात कोन उलटा असतो, आणि मेनस्प्रिंग स्वतःच सियरला बाहेर ढकलत असते. हा ट्रिगर हाताला मस्त हलका लागतो. आणि रायफल जमिनीवर टेकवताना किंवा काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट जोरात बंद करताना आपोआप सुटू शकतो. घरी कानस घेऊन बसलेला माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकाराच्या शोधात निघतो आणि तिसऱ्यावर पोहोचतो. या कोनात अंशभराचा फरकही पुरतो आणि तो नुसत्या डोळ्याला दिसत नाही.

मग मेनस्प्रिंगच हलकी का नाही बसवायची? इथे .२२ चं रिमफायर असणं आडवं येतं. मोठ्या रायफलींच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या मधोमध वेगळ्या टोपीत असतो. रिमफायरमध्ये तो बुडाच्या कडेच्या पोकळ घडीत भरलेला असतो. फायरिंग पिन ती कड चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, काठावर चिरडते तेव्हा ठिणगी पडते. पितळेची घडी चिरडायला ठरावीक ताकद लागतेच. स्प्रिंग कमजोर केली की सुरुवातीला सगळं छान चालतं, मग शंभरात एखादं काडतूस नुसतं टक् करून राहतं. त्याहून त्रासदायक म्हणजे जी पेटतात तीही सारखी पेटत नाहीत, वेग कमी-जास्त होतो, आणि ५० मीटरवर शॉट्स वर-खाली पसरतात. शूटर बिचारा आपल्या श्वासाला दोष देत बसतो.

पंचवीसपट फरकाचं उत्तर इथेच आहे. मॅच रायफलीत मेनस्प्रिंग चांगली दणकट असते, पण तिचा रेटा थेट ट्रिगरच्या टोकावर येत नाही. मध्ये दोन-तीन तरफा असतात. प्रत्येक तरफ रेटा काही पटींनी उतरवते, आणि शेवटी ट्रिगरला जी कडी सरकवायची असते तिच्यावर अगदी थोडा भार उरलेला असतो. हे सगळे भाग नीट घासून, कडक करून, अचूक मापात बसवावे लागतात. त्याचेच पैसे मोजायचे असतात. रुगर १०/२२ सारख्या रायफलीत मात्र हॅमरची खाच आणि सियर थेट भिडतात. त्यातही ती सेमी-ऑटोमॅटिक. प्रत्येक शॉटला बोल्ट मागे जाऊन हॅमरला आपटतो आणि सियरने तो धक्का सोसून हॅमर पकडायचा असतो. लाखोंच्या संख्येत बनणाऱ्या भागांत थोडाफार फरक राहणारच, म्हणून कंपनी खाच खोल ठेवते आणि स्प्रिंग कडक.

अमेरिकेतल्या कोर्टकचेऱ्यांचाही यात हात आहे. आपोआप गोळी सुटली की खटला थेट कंपनीवर, त्यामुळे तिथल्या उत्पादकांनी ट्रिगर जड ठेवणंच पसंत केलं. भीती अनाठायी नव्हती. २०१४ साली रेमिंग्टनने मोठ्या रायफलींमधले एक्स-मार्क प्रो ट्रिगर परत मागवले, कारण जोडणीत वापरलेला चिकटवणारा पदार्थ जास्त झाल्याने ट्रिगर न दाबताही गोळी सुटण्याचा धोका होता. सॅव्हेज कंपनीने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर वेगळी तोड काढली. ट्रिगरच्या मधोमध एक पातळ पातं बसवलं, अ‍ॅक्युट्रिगर नावाचं. पातं दाबलेलं नसेल तर धक्क्याने सियर घसरला तरी मध्येच अडतो. त्यामुळे ट्रिगर हलका ठेवूनही कंपनीला झोप लागते. पुढे हा ट्रिगर त्यांच्या .२२ रायफलींतही आला, आणि त्यानंतर इतरांनाही कारखान्यातच बरे ट्रिगर द्यावे लागले.

बोटाला काय काय जाणवतं

रेंजवरचे शब्द इथे एकदा बघून घेऊ. सिंगल स्टेज ट्रिगर म्हणजे बोट टेकवलं की लगेच भिंत, दाब वाढवत न्यायचा आणि तो सुटतो. टू स्टेजमध्ये आधी काही मिलिमीटर हलका प्रवास असतो, तो फर्स्ट स्टेज. मग भिंत लागते. त्यापुढे थोडासा दाब, तो सेकंड स्टेज. १०० ग्रॅमच्या ट्रिगरमध्ये बरेच शूटर ६०-७० ग्रॅम पहिल्या टप्प्यातच खर्च करतात, म्हणजे भिंतीपाशी पोहोचल्यावर अगदी थोडंच उरतं. आपल्याकडची मुलं एअर रायफलवर हेच शिकलेली असतात, म्हणून पॉइंट टू टूवरही त्यांना टू स्टेजच जवळचा वाटतो.

भिंत लागल्यानंतरही ट्रिगर सरकतोय, खरखरतोय, पण सुटत नाही, याला क्रीप म्हणतात. सियर खोल गुंतलेला आहे किंवा पृष्ठभाग खडबडीत आहे असा त्याचा अर्थ. आणि सुटल्यानंतर ट्रिगर जो मोकळा मागे जातो तो ओव्हरट्रॅव्हल. माझ्या हिशोबी या सगळ्यांत क्रीप सर्वांत वाईट. जडपणाची बोटाला सवय होते. क्रीपची होत नाही, कारण तो प्रत्येक शॉटला वेगळ्या ठिकाणी अडतो.

सुधारणा, स्वस्तापासून महागाकडे

आधी मोजा. ट्रिगर गेज नसेल तर जड ट्रिगरसाठी पाण्याची बाटली चालते. रायफल रिकामी आहे हे चेंबरमध्ये डोळ्याने आणि बोटाने तपासायचं, मॅगझीन काढून बाजूला ठेवायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग रायफल कॉक करून (हॅमर किंवा पिन मागे अडकवून) नळी सरळ वर, बोट जिथे टेकतं तिथेच पात्यावर दोरीचा फास, आणि खाली बाटली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, अधिक बाटलीचं वजन. हळूच उचलायचं. सुटला तर पाणी कमी करा, नाही सुटला तर वाढवा. हीच रीत पिस्तुलाच्या स्पर्धांत पंचही वापरतात, ठरावीक वजन ट्रिगरला लटकवून. २५ मीटर पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम, एअर पिस्तुलाला ५००. मोजणी अनेकदा करा, आणि आकड्यापेक्षा आकड्यांतला फरक बघा. कधी दोन किलो, कधी अडीच असं येत असेल तर आतला पृष्ठभाग खराब आहे किंवा घाण साचली आहे. तिथे स्प्रिंग बदलून काही होणार नाही.

एक सावधगिरी. बऱ्याच रिमफायर रायफली रिकाम्या मारल्या तर फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आदळून खळगा पाडते. मॅच रायफलींत ड्राय फायरची वेगळी सोय असते, काहींत पिन अडवणारी खीळ असते. आपल्या रायफलीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघूनच रिकामा ट्रिगर दाबा, नाहीतर चेंबरमध्ये वापरलेली केस किंवा डमी ठेवा, आणि केस दर वेळी थोडी फिरवा.

मग सफाई. .२२ हे घाणेरडं काडतूस आहे, आणि हे मी प्रेमाने म्हणतोय. शिशाच्या गोळीवर मेणाचा थर असतो, न जळलेली पावडर मागे उडते, आणि सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे सगळं थेट ट्रिगरच्या डब्यात पडतं. त्यावर कुणीतरी हौसेने तेलाची धार सोडलेली असते. तेल, मेण आणि काजळी मिळून वाळलेला चिकट थर तयार होतो. मुंबईच्या दमट हवेत त्याखाली गंजही धरतो. ट्रिगरचा डबा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे धुऊन, कोरडा करून, सियरच्या कडेवर टाचणीच्या टोकाने एक थेंब हलकं तेल, बस्स. बंद पडून राहिलेल्या रायफलीत एवढ्यानेच इतका फरक पडतो की पुढचे बेत लोक रद्द करतात.

तिसरी गोष्ट फुकट आहे आणि कुणालाच करायची नसते. बोट. पहिल्या पेराच्या गादीचा मधला भाग पात्यावर, बोटाचं मूळ कुंद्याला (स्टॉकला) न टेकलेलं, आणि दाब सरळ मागे. मॅच रायफलीत ट्रिगरचं पातं पुढे-मागे सरकवता येतं, काहींत थोडं वळवताही येतं. लहान हाताच्या मुलीसाठी पातं मागे घ्यायला हवं हे कुणाच्या लक्षात येत नाही, मग ती बोटाच्या टोकाने ओरबाडून ट्रिगर दाबते आणि शॉट्स एका बाजूला जात राहतात. अशा वेळी ट्रिगर ८० ग्रॅमवर आणून काय मिळणार? ग्रिपचा आकार आणि पात्याची जागा आधी, स्क्रू नंतर.

स्क्रू फिरवताना

मॅच रायफलीच्या ट्रिगरला साधारण चार गोष्टी बदलता येतात: एकूण वजन, पहिल्या टप्प्याचा प्रवास, सियर किती गुंततो, आणि ट्रिगर मागे कुठे थांबतो. कोणता स्क्रू कुठला हे प्रत्येक मॉडेलला वेगळं असतं, तिथे पुस्तिकाच प्रमाण. पण क्रम सगळीकडे सारखा उपयोगी पडतो. हात लावण्याआधी प्रत्येक स्क्रूची जागा लिहून ठेवा, किंवा मोबाइलवर फोटो काढा. मागचा थांबा आधी सैल करा, नाहीतर सियर सुटतच नाही आणि तुम्हाला वाटतं की वजन वाढलं. मग सियरचा गुंता. थोडा थोडा कमी करत गेलं की क्रीप कमी होतो. फार कमी केला की भिंतच नाहीशी होते, पहिल्या टप्प्यातच गोळी सुटते, किंवा रायफल कॉकच होत नाही. तिथून मागे यायचं, आणि जेमतेम मागे न येता चांगलं मोकळं मागे यायचं. त्यानंतर वजन. सगळ्यात शेवटी थांबा. तो आत घेत जायचं, ट्रिगर सुटेनासा होईपर्यंत, आणि मग सुटेल तिथपर्यंत मागे, वर आणखी थोडासा. अगदी काठावर ठेवला तर थंडीत किंवा कचरा अडकल्यावर ऐन सामन्यात ट्रिगर सुटत नाही.

एका वेळी एकच स्क्रू, पाव फेऱ्याहून जास्त नाही. क्लबच्या सामाईक रायफलीला तर हात लावूच नका. तुमच्यानंतर तीच रायफल घेऊन झोपून नेम धरणाऱ्या मुलाला कळतच नाही की आज सगळे शॉट्स अर्धवट नेमातच का सुटतायत.

ज्या रायफलींना असे स्क्रू नसतात तिथे पुढची पायरी स्प्रिंग. ट्रिगरची परतीची स्प्रिंग बदलून वजन सुरक्षितपणे काही प्रमाणात उतरतं, कारण सियरच्या कोनाला आणि मेनस्प्रिंगला हात लागत नाही. त्यापुढे तयार संच. रुगरने स्वतःच १०/२२ साठी बीएक्स ट्रिगर नावाचा संपूर्ण डबा काढला, दोन पिना काढून जुना काढायचा आणि नवा बसवायचा. त्याचं वजन सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे आधीच्या साधारण निम्मं. काही जण फक्त नवा हॅमर घेतात, ज्याची खाच वेगळ्या मापात कापलेली असते. दोन्हींत फायदा हा की कोन कारखान्यात ठरलेला असतो, तुमच्या टेबलावर नाही.

आणि कानस, पॉलिश पेपर, सहाणेचा दगड? मासिकांमधून आणि व्हिडिओंमधून याचं फार आकर्षण आहे. अनुभवी गनस्मिथ जिगमध्ये भाग पक्का धरून, बारीक दगडाने, कोन न बदलता नुसते उंचवटे उतरवतो. तेही मोजून. याचं कारण, अनेक भागांत पोलादाचं फक्त वरचं पातळ कातडं कडक केलेलं असतं. ते घासून गेलं की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. पहिल्या दिवशी ट्रिगर लोण्यासारखा चालतो, पुढच्या काही महिन्यांत ती कड झिजते आणि एके दिवशी सियर धरेनासा होतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये डिस्कनेक्टर नावाचा भाग असतो, एका दाबाला एकच गोळी सुटेल याची काळजी घेणारा. त्याला कुणीही, कशासाठीही हात लावू नये.

काहीही बदललं तरी रिकाम्या रायफलीवर या चाचण्या झाल्याच पाहिजेत. बोल्ट पुन्हा पुन्हा जोरात बंद करा, हॅमर एकदाही सुटता कामा नये. कॉक केलेल्या रायफलीचा बट रबरी मॅटवर ठोका, कुंदा बाजूने हाताने बडवा. सेफ्टी लावून ट्रिगर जोरात दाबा, सोडा, आणि मग सेफ्टी काढा. त्या क्षणी टक् असा आवाज आला तर सियर पूर्ण परत बसत नाहीये. यातली एक चाचणी जरी फसली तरी ती रायफल रेंजवर न्यायची नाही.

नियम काय म्हणतात

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) ५० मीटर रायफल प्रकारात ट्रिगरला किमान वजनच नाही. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला मात्र १५०० ग्रॅम लागतात. बायथलॉनमध्येही (बर्फावरचं स्कीइंग आणि नेमबाजी मिळून होणारा खेळ) .२२ च वापरतात, १९७८ पासून, पण तिथे किमान ५०० ग्रॅम. धावून दमलेला, गोठलेल्या बोटांचा खेळाडू पाठीवर रायफल घेऊन बर्फात पडतो-उठतो, त्याला १०० ग्रॅमचा ट्रिगर देणं वेडेपणा ठरेल. अमेरिकेत साध्या .२२ रायफलींच्या रिमफायर स्पोर्टर सामन्यांत तीन पौंड, म्हणजे साधारण १.३६ किलो, किमान हवेत. तिथल्या कुणी बीएक्स ट्रिगर बसवला तर सामन्याला जाण्याआधी मोजून घ्यावा, कारण तो या मर्यादेच्या खाली येऊ शकतो.

भारतात मुद्दा आणखी वेगळा. शस्त्र कायदा १९५९ नुसार शस्त्र बाळगायलाच नव्हे, तर ते दुरुस्त करायला किंवा त्यात फेरफार करायलाही वेगळा परवाना लागतो. त्यामुळे पुस्तिकेत दिलेले स्क्रू, सफाई आणि पात्याची जागा इथवर शूटरचं काम. डबा उघडून भाग बदलायचे असतील तर परवानाधारक गनस्मिथ किंवा कंपनीचा अधिकृत माणूस. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनचं, म्हणजे झोपून नेम धरायच्या प्रकारातलं, विश्वविजेतेपद मिळवलं, त्यानंतर कोल्हापुरात, पुण्यात पॉइंट टू टूकडे वळणारी मुलं वाढली, पण ट्रिगर उघडून नीट बसवणारे हात अजून मोजकेच आहेत. राष्ट्रीय स्पर्धांच्या ठिकाणी कधी कधी कंपन्यांचे तंत्रज्ञ येतात, तेव्हा आपला प्रश्न लिहून घेऊन जावं.

शेवटी एक वही ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी ट्रिगर मोजायचा आणि आकडा तारखेसह लिहायचा. वजन हळूहळू वाढत असेल तर बहुतेक वेळा ती घाण किंवा सुकलेलं तेल असतं, सफाईने जातं. पण कुणी हात न लावता वजन कमी होत चाललं असेल, किंवा सेकंड स्टेजची भिंत पूर्वीइतकी ठळक लागत नसेल, तर सियरची कड झिजते आहे. मग स्कोअर कितीही चांगला येत असला तरी त्या रायफलीवर गोळी भरायची नाही, आधी ती गनस्मिथकडे.